किमान

न्यायाधीश आकडा बोलले आणि पुढच्या फाइलकडं वळले.
मी कारकुनाला पुन्हा विचारलं.
"खम्सुमिया," तो वैतागला, "पाचशे दिनार.
मारहाणीला याच्या खाली नाही."

दिगंबर सावर्डेकर, वेल्डर, सलमाबाद,
डावा कान माझ्याकडं करून उभा.
उजव्यात ग्राइंडर कायमचा राहायला आलाय.
मी म्हणालो, किमान पाचशे.
किमान म्हणजे?
म्हणजे कमीत कमी.
कुणाच्या कमीत कमी?

हे मी अरबीत नेलं नाही.
गिळलेल्या प्रश्नांचे दुभाष्याला वेगळे पैसे मिळत नाहीत.

इथं जामिनाला कफाला म्हणतात
आणि ज्याच्या सहीवर माणूस या देशात श्वास घेतो
तो कफील.
दिगंबरच्या कफीलचा फोन सकाळपासून वाजतोय.
आपल्या भाषेत एक काना काढला
की जामिनाची जमीन होते.
त्याच्याकडं नुसता काना आहे.

भांडण चार्जरवरून झालं. पान्हा हाताशी होता.
मुरुगेसनचा डोळा गेला.
हे खरं आहे, दिगंबरही नाकारत नाही,
फक्त "पान्हा" म्हणताना दर वेळी थांबतो,
जणू शब्द अजून गरम आहे.

त्याच सकाळी, त्याच खोलीत
दुसरे एक गृहस्थ. पांढरा थोब, उदाचा वास.
घरात कामाला असलेल्या राजव्वाच्या मनगटावर इस्त्री.
हिंसेचाच गुन्हा, म्हणून आकडाही तोच.
कायदा दोघांकडं एकाच नजरेनं बघत होता
आणि मला ते बघवत नव्हतं.

कार्ड, मशीन, बारीकशी पावती.
त्यांनी गाडीची किल्ली परत घेतली,
मला सलाम केला. मीही केला.
राजव्वा आदिलाबादची, मराठी तोडकी बोलते.
प्लास्टरमधली बोटं हलवून बघत विचारलं,
"साहेब घरी गेला?"
हो.
"मंग माझी पेटी तिथंच हाय."

दुपारी इस्पितळ. मुरुगेसनचा जबाब.
अर्धी हिंदी, अर्धी खुणांची.
तो सुटावा असं वाटतं का, हे मला विचारायचं नव्हतं,
तरी विचारलं.
उरलेल्या डोळ्यानं तो छताकडं बघत राहिला.
"खाट एकच ना, भाई.
वरती तो, खालती मी.
तो आला तर मी झोपू कुठं?
नाय आला तर वरती कोण हालतं
ते रात्रभर ऐकू कुठून?"

असं नेमकं तो म्हणाला की नाही, सांगता येत नाही.
जबाबात मी लिहिलं: निश्चित मत नाही.

सोळाव्या दिवशी कॅम्पमधून कागद आला.
वहीचं पान, वर तेलाचा अंगठा.
बाळा तेंडोलकर दहा. घनश्याम थापा पाच.
कुणी पाऊण दिनार, कुणी "पगारानंतर".
शाजी कुकनं पैसे नाहीत, डबा लिहिला होता,
रोज एक, कोठडीत.
बेरीज दोनशे अठ्ठेचाळीस.
आणि सगळ्यात खाली एक ओळ तमिळमध्ये,
पुढं आकडा नाही.

मला तमिळ वाचता येत नाही.
ती वर्गणी असेल, शिवी असेल,
"मी इथंच आहे" असं काही असेल.
खालच्या सेक्शनमध्ये वाचणारा एक आहे,
त्याला विचारता आलं असतं.

कारकुनानं बेरीज बघितली, कागद सरकवला.
"निम्मेसुद्धा नाहीत," तो म्हणाला. वाईट माणूस नाही तो.
मी पान घडी करून खिशात ठेवलं
आणि खिडकीवर माझं बिल दिलं,
दुभाषी, एक तास, पंधरा दिनार.
प्रत्यक्षात वीस मिनिटंच झाली होती.
पण आमचंही
किमान ठरलेलं असतं.